कनू गांधी यांची छायाचित्रे : सान्निध्य आणि साक्ष

गांधीजींच्या ज्या छायाचित्रांशी आपली दृष्टी लहानपणापासून परिचित असते, त्यांपैकी पुष्कळ कनू गांधी यांनी घेतलेली आहेत, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात असते. चित्र पाहताना चित्रकाराचे नाव विचारण्याची सवय आपणांस लागली आहे. छायाचित्राच्या बाबतीत ती अद्याप लागलेली नाही. यंत्राने काढलेल्या प्रतिमेस कर्ता कशाला हवा, अशी एक समजूत या उदासीनतेच्या मुळाशी असावी. शिवाय विषय गांधीजींसारखा असला म्हणजे पाहणाऱ्याचे सगळे लक्ष तोच वेधून घेतो, आणि त्या क्षणी त्याच्याकडे पाहत जो दुसरा एक मनुष्य तेथे उभा होता तो विसरला जातो. प्रस्तुत लेखात त्या दुसऱ्या मनुष्याचा विचार करावयाचा आहे. त्याचे चरित्र सांगणे हा येथे हेतू नाही. निकट सान्निध्यातून व भक्तिभावातून निर्माण झालेली ही छायाचित्रे साक्ष म्हणून कितपत ग्राह्य धरावीत, आणि कलाकृती म्हणून त्यांची योग्यता काय, एवढाच प्रश्न घेतला आहे.

चरित्रातील आवश्यक तेवढा भाग असा. कनू हे गांधीजींचे चुलत पुतणे नारणदास गांधी यांचे चिरंजीव. त्यांचा जन्म 1917 मध्ये झाला. डॉक्टर व्हावे अशी त्यांची इच्छा होती. परंतु वडीलधाऱ्यांच्या सांगण्यावरून ते गांधीजींच्या कार्यालयात मदतनीस म्हणून वर्ध्याजवळच्या आश्रमात राहू लागले. पत्रव्यवहार, हिशेब, प्रार्थनेतील भजने, अशी नाना कामे त्यांच्याकडे असत. छायाचित्रणाची ओढ त्यांना लावली ती विनोबांचे बंधू शिवाजीराव भावे यांनी. कनूंनी कॅमेऱ्याची इच्छा बोलून दाखविल्यावर गांधीजींच्या सूचनेवरून घनश्यामदास बिर्ला यांनी 100 रुपये दिले, आणि त्यांतून एक रोलायफ्लेक्स कॅमेरा व फिल्म खरेदी झाली. तेव्हापासून, म्हणजे 1938 पासून 1948 पर्यंत, हा तरुण गांधीजींची छायाचित्रे घेत राहिला. कोणत्याही कलाशाळेत तो शिकला नव्हता. पुस्तके, प्रयोग व चुका हेच अशा माणसाचे गुरू असतात. आणि कनूंच्या बाबतीत एक चौथा गुरू होता, तो म्हणजे त्यांच्यावर घातलेली बंधने.

(येथे एका घोटाळ्याचा उल्लेख करणे अवश्य आहे. जुहूच्या वाळवंटात गांधीजींची काठी पुढे धरून त्यांना ओढीत नेणारा मुलगा ज्या प्रसिद्ध छायाचित्रात दिसतो, त्याचेही नाव कनू गांधीच. तो रामदास गांधींचा मुलगा, म्हणजे गांधीजींचा नातू. ते छायाचित्र 1937 सालचे आहे. हे कनूभाई पुढे अमेरिकेत अभियंता झाले व 2016 मध्ये सुरत येथे वारले. एकाच नावाचे दोन आप्त, एक कॅमेऱ्यापुढे व दुसरा कॅमेऱ्यामागे, यामुळे लेखनात वारंवार गल्लत होते.)

गांधीजींनी कनूंना छायाचित्रे घेण्यास संमती दिली ती तीन अटींवर. प्रखर दिव्याचा झोत वापरावयाचा नाही. गांधीजींना ठरावीक पवित्र्यात बसण्यास किंवा उभे राहण्यास सांगावयाचे नाही. आणि या उद्योगासाठी आश्रमाचा पैसा मिळणार नाही. या अटींकडे चरित्रकार बहुधा गांधीजींच्या स्वभावाचा एक गमतीदार नमुना म्हणून पाहतात. समीक्षकाने मात्र त्यांच्याकडे शैलीचे मूळ म्हणून पाहिले पाहिजे. छंदाच्या नियमांनी कवीची शब्दरचना जशी वळण घेते, तशी या तीन नियमांनी कनूंची दृष्टी घडली असे आमचे मत आहे, आणि या मताला आधार खुद्द छायाचित्रांतच सापडतो.

पहिल्या अटीचा विचार करू. सेवाग्रामच्या कुटी मातीच्या भिंतींच्या, खाली उतरलेल्या छपरांच्या. बाहेर विदर्भाचे ऊन डोळे दिपविणारे, आत दुपारीही अंधूक उजेड. त्या काळच्या फिल्मची प्रकाशग्राहकता आजच्या मानाने फारच थोडी होती. झोताचा दिवा नाही म्हटल्यावर छायाचित्रकारापुढे दोनच मार्ग उरतात. एकतर विषय दाराशी, पडवीच्या कडेला, आत-बाहेरच्या सीमेवर येईपर्यंत थांबावयाचे. नाहीतर कॅमेऱ्याची झडप जास्त वेळ उघडी ठेवून हालचालीचा पुसटपणा पत्करावयाचा. कनूंनी दोन्ही केले. त्यांच्या चित्रांत एका बाजूने येणारा उजेड, अर्धा चेहरा छायेत, हलत्या हाताची अस्पष्ट रेषा, ही लक्षणे वारंवार आढळतात. धंदेवाईक छायाचित्रकाराने असे ठसे बाजूस टाकले असते. परंतु गांधीजींच्या दिनक्रमाची गती, त्यांच्याभोवती सदैव चाललेली धावपळ, ही या पुसट रेषांतूनच प्रत्ययास येते.

दुसरी अट अधिक महत्त्वाची. छायाचित्र म्हणजे बसून काढून घेण्याची वस्तू, ही कल्पना त्या काळी सर्वत्र रूढ होती. मुंबई-पुण्याच्या पेठांतूनच नव्हे, तर शिरूर किंवा दौंड यांसारख्या तालुक्याच्या गावी पुढे जे स्टुडिओ निघाले, त्यांतूनही हीच पद्धत चालू राहिली : मागे रंगविलेला पडदा, बाजूस कुंडी, नक्षीची खुर्ची, आणि ‘हलू नका’ असा हुकूम. त्या पद्धतीस तिचे स्वतःचे सौंदर्य आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. लग्नानंतर प्रथमच खुर्चीवर बसलेल्या जोडप्याच्या चेहऱ्यावरील संकोच हासुद्धा एक सामाजिक दस्तऐवजच असतो. परंतु तेथे माणूस स्वतःला कसे दाखवू इच्छितो ते कळते. तो एरवी कसा असतो ते कळत नाही. कनूंना ही वाट बंद होती. गांधीजी डोक्यावर उन्हासाठी उशी ठेवून चालले आहेत, वजनकाट्यावर उभे आहेत, टेलिफोन कानाला लावून ऐकत आहेत, अशा क्षणी जे मिळेल ते घ्यावयाचे, आणि क्षण निसटला तर तो पुन्हा मागावयाचा नाही.

या बाबतीत त्यांच्या कॅमेऱ्याची जातही त्यांना अनुकूल ठरली. रोलायफ्लेक्स हा डोळ्याला लावून रोखण्याचा कॅमेरा नव्हे. तो पोटापाशी धरावयाचा आणि मान खाली घालून वरच्या काचेत पाहावयाचे. काचेत प्रतिमा दिसते ती उजवे-डावे उलटून. एका गुंडाळीत चौरस आकाराची बाराच चित्रे निघतात. या रचनेचे परिणाम दूरगामी आहेत. पहिला असा, की छायाचित्रकाराची नजर विषयावर रोखलेली नसते. तो मान लववून उभा असतो, आणि ज्याचे छायाचित्र घ्यावयाचे त्याला आपल्यावर शस्त्र रोखल्यासारखे वाटत नाही. दुसरा असा, की भिंगाची उंची कमरेइतकी, आणि छायाचित्रकार खाली बसला तर जमिनीपासून हातभर. आश्रमातील सारे जीवन जमिनीवर बसून चालत असे. खुर्चीवरून पाहणाऱ्या पाश्चात्य वार्ताहरास गांधीजी नेहमी खाली बसलेले दिसले. कनूंच्या चित्रांत ते समोर बसलेले दिसतात. एवढ्या लहान फरकाने चित्राचा सगळा भाव पालटतो. बारा चित्रांची मर्यादा तर तिसऱ्या अटीशी थेट जोडलेली आहे. फिल्मला पैसे लागतात, आणि आश्रम ते देणार नाही. तेव्हा झडप दाबण्यापूर्वी विचार करणे भाग होते. पुढे ‘वंदे मातरम्’ या गुजराती वृत्तपत्राशी संबंध असलेले अमृतलाल गांधी कनूंना दरमहा 100 रुपये देऊ लागले व त्यांची छायाचित्रे वृत्तपत्रांकडे जाऊ लागली. म्हणजे अट पाळली गेली, आणि बाजाराशी संबंधही आला. या तडजोडीत विसंगती पाहणारे पाहोत. तिच्याशिवाय ही चित्रे निघालीच नसती, हे उघड आहे.

आता काही चित्रे जवळून पाहू. टेलिफोनवर बोलणाऱ्या गांधीजींचे चित्र पुष्कळांना ठाऊक असेल. व्हाइसरॉयशी तातडीने बोलता यावे म्हणून सेवाग्रामला सरकारने टेलिफोन बसविला होता. कनूंच्या दहा वर्षांच्या कामात साम्राज्याचे राजकारण प्रवेश करते ते बहुतेक अशाच रूपाने : एक यंत्र, एक कान, आणि ऐकताना आत वळलेली नजर. पलीकडे कोण आहे ते दिसत नाही. त्याची जरुरीही भासत नाही. 1945-46 च्या बंगाल, आसाम व दक्षिणेच्या दौऱ्यातील हरिजन निधीची चित्रे याहून वेगळी. आगगाडीच्या डब्यातून बाहेर आलेला गांधीजींचा हात आणि खालून वर आलेले लोकांचे हात, यांची जी गुंतागुंत तेथे दिसते, तिच्यात चेहऱ्यांना दुय्यम स्थान आहे. व्यक्तिचित्राचा विषय चेहराच असला पाहिजे, हा नियम येथे मोडला आहे. तो जाणूनबुजून मोडला की फलाटावरच्या रेटारेटीत मोडला गेला, हा प्रश्न निरर्थक होय. स्वयंशिक्षित कलावंताच्या बाबतीत या दोहोंमधील सीमा नेहमीच पुसट असते.

परंतु आमच्या मते कनूंचे सर्वश्रेष्ठ चित्र परचुरे शास्त्र्यांचे आहे. दत्तात्रेय परचुरे शास्त्री हे संस्कृतचे पंडित. येरवड्याच्या तुरुंगात ते गांधीजींबरोबर होते. महारोगाने ग्रासलेले शास्त्री 1939 मध्ये आश्रय मागत सेवाग्रामला आले. त्या रोगाविषयी त्या काळी केवढी धास्ती होती हे लक्षात घेतले म्हणजे गांधीजींनी त्यांना ठेवून घेण्याचा निर्णय किती कठीण होता ते कळेल. गांधीजींनी आपल्या कुटीजवळ त्यांच्यासाठी झोपडी बांधविली आणि ते स्वतः त्यांना मालिश करू लागले. पुढे शास्त्री वर्ध्याजवळच्या दत्तपूर कुष्ठधामात गेले व 1945 मध्ये तेथेच वारले. हे मालिशीचे चित्र 1940 सालचे. सेवेचे चित्र म्हटले की सेवक उजळ आणि सेव्य दीन, अशी मांडणी होण्याचा धोका असतो. धर्मप्रसारक संस्थांनी छापलेली रुग्णालयांची चित्रे ज्यांनी पाहिली असतील त्यांना हा धोका समजेल. येथे तो टळला आहे. गांधीजी रुग्णाकडे वळलेले आहेत, कॅमेऱ्याकडे नाहीत. त्यांचे सगळे लक्ष हातांखालच्या शरीरावर आहे, आणि आपली दृष्टी त्यांच्या दृष्टीमागोमाग शास्त्र्यांकडे जाते. हे गांधीजींचे चित्र म्हणून छापले जाते. वस्तुतः ते परचुरे शास्त्र्यांचे व्यक्तिचित्र आहे. जो मनुष्य आश्रमात रोज हेच दृश्य पाहत होता, ज्याला त्यात नवल असे काही उरले नव्हते, त्यालाच ते असे निर्विकारपणे घेता आले. बाहेरून आलेल्या छायाचित्रकाराने त्याचा चमत्कार केला असता.

येथपर्यंत सान्निध्याचा लाभ झाला. त्याचे मोल द्यावे लागले ते पुण्यास. पुण्याहून शिरूरकडे जाणारा नगररस्ता आगाखान पॅलेसवरून जातो. 1942 च्या ऑगस्टपासून 6 मे 1944 पर्यंत गांधीजी तेथे स्थानबद्ध होते. महादेवभाई देसाई तेथेच वारले. आणि 22 फेब्रुवारी 1944 रोजी कस्तुरबांनी तेथेच गांधीजींच्या मांडीवर प्राण सोडला. कस्तुरबांच्या शुश्रूषेसाठी सरकारने कनूंना आत येऊ दिले होते. त्यांच्या तोंडची भजने कस्तुरबांना आवडत. त्या अखेरच्या घडीचे छायाचित्र घेण्याची कनूंची इच्छा होती. गांधीजींनी नकार दिला, आणि कनूंनी तो मानला. निष्प्राण देहाजवळ बसलेल्या गांधीजींचे जे चित्र आज पाहावयास मिळते ते नंतरचे आहे. इतिहासाच्या अभ्यासकास हा नकार खटकेल. घराबाहेरचा वार्ताहर तेथे असता तर त्याने परवानगी न विचारताच झडप दाबली असती, आणि आपणांस एक असामान्य दस्तऐवज मिळाला असता, असा युक्तिवाद करता येईल. पण घराबाहेरच्या वार्ताहराला त्या खोलीत प्रवेशच नव्हता, हे या युक्तिवादात विसरले जाते. ज्या नात्याने कनू त्या खोलीत होते, त्याच नात्याने त्यांना तेथे थांबावे लागले. आणि जे चित्र उरले त्याचा परिणामही या नकाराने वाढला आहे, असे आम्हांस वाटते : मृत्यूचा क्षण नाही; तो होऊन गेल्यानंतरची शांतता आहे.

पुण्याचाच दुसरा एक प्रसंग तुलनेस उपयोगी आहे. दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उरुळीकांचन हे स्थानक लागते. मार्च 1946 च्या अखेरीस गांधीजींनी तेथे राहून निसर्गोपचाराचा प्रयोग सुरू केला. निसर्गोपचाराचे हे वेड त्या सुमारास पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांच्या संस्थेत बळावले होते, आणि त्याच साली पुण्यातच ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी गांधीजींचे चरख्याजवळचे सुप्रसिद्ध छायाचित्र घेतले. आधी सूत कातावयास शिका, असे त्यांना सांगण्यात आले. मग झोताचे तीनच दिवे वापरण्याची मुभा मिळाली. पहिले दोन प्रयत्न फसले, तिसरा साधला. गांधीजी थट्टेने त्यांना आपला छळ करणारी बाई म्हणत. त्या छायाचित्रात चरखा पुढे, गांधीजी मागे. पुष्कळांच्या स्मरणात ते सूत कातताना असतात. प्रत्यक्षात ते कागद वाचीत बसले आहेत. रचना भक्कम, अर्थ स्पष्ट, प्रतीक तयार. हे चित्र प्रसिद्धीस आले ते मुख्यतः गांधीजींच्या मृत्यूनंतर, जेव्हा जगाला प्रतीक हवे होते. कनूंच्या एकाही चित्रात इतकी रेखीव योजना नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. एक चित्र निवडावयाचे तर जग बर्क-व्हाइट यांचेच निवडील, आणि त्यात अन्याय नाही. परंतु शंभर चित्रे ओळीने मांडली, तर मनुष्य सापडतो तो कनूंच्या चित्रांत. एका चित्राने प्रतिमा निर्माण होते. चरित्र निर्माण होण्यास दहा वर्षे तेथेच राहावे लागते.

मग या चरित्रात काय नाही? त्यात वाद नाहीत. 1938 ते 1948 हे दशक काँग्रेसमधील तीव्र मतभेदांचे, युद्धाचे, फाळणीचे; आश्रमातही हेवेदावे व कुरबुरी होत्या, याची साक्ष गांधीजींची त्या काळची पत्रेच देतात. कनूंच्या चित्रांत गांधीजी थकतात, हसतात, विचारमग्न होतात. पण रागावलेले किंवा चुकलेले गांधीजी तेथे शोधून सापडत नाहीत. गांधीजींच्या स्त्री-सहायकांचे, स्वयंपाकघरात व बाहेर राबणाऱ्या माणसांचे चेहरे त्यात येतात ते बहुधा कडेला, चौकटीने कापलेले. ही भक्ताच्या दृष्टीची मर्यादा होय, आणि बंधनांच्या माथी ती मारता येणार नाही. याला एकच मोठा अपवाद आहे, तो कस्तुरबांचा. त्यांच्या चित्रांत, विशेषतः त्या गांधीजींचे पाय धूत आहेत त्या चित्रात, पूज्यभावाच्या पलीकडचे काहीतरी आले आहे. दोन म्हाताऱ्या माणसांचे दीर्घ व सोपे नसलेले सहजीवन तेथे दिसते. कनू त्यांच्याकडे आजीकडे पाहावे तसे पाहत होते, आणि आजीची कोणी मूर्ती करीत नाही.

साक्षीच्या दृष्टीने निष्कर्ष काढावयाचा तर असा काढावा लागेल, की ही छायाचित्रे गांधीजींच्या सार्वजनिक कार्याविषयी फार थोडे सांगतात व त्यांच्या दिवसाविषयी फार काही सांगतात. ज्याला दिवस हवा आहे त्याने त्यांच्यावर विश्वास ठेवावा.

1946 च्या अखेरीस नोआखालीत गांधीजींनी आपल्या सहकाऱ्यांना एकेका खेड्यात एकट्याने राहून काम करण्यास धाडले. कनू व त्यांच्या पत्नी आभाबेन यांचाही त्यांत समावेश होता. ज्या पदयात्रेची छायाचित्रे घेण्यास कनूंइतका अधिकारी दुसरा कोणी नव्हता, तिच्यातून अशा रीतीने ते बहुतांशी दूर राहिले. पुढे 1947 मधील बिहारच्या यात्रेची छायाचित्रे घेतली ती जगन मेहता यांनी. कनूंच्या बाबतीत छायाचित्रण हे आश्रमाच्या अनेक कामांपैकी एक होते, आणि दुसरे काम अधिक निकडीचे ठरले तेव्हा ते बाजूस ठेवले गेले. 30 जानेवारी 1948 रोजी कनू नोआखालीत होते. त्या दिवशी दुपारी आंरी कार्तिए-ब्रेसाँ गांधीजींना भेटून गेले होते; मार्गारेट बर्क-व्हाइटही काही तासांपूर्वी मुलाखत घेऊन परतल्या होत्या. प्रार्थनेकडे जाताना गांधीजींच्या एका बाजूस मनुबेन होत्या आणि दुसऱ्या बाजूस आभाबेन. त्या क्षणाचे छायाचित्र नाही.

त्यानंतर कनूंनी कॅमेऱ्याचा व्यवसाय केला नाही. राजकोटजवळ कस्तुरबांच्या नावाने चालणाऱ्या संस्थेच्या कामात त्यांचे व आभाबेनचे पुढील आयुष्य गेले, आणि 1986 मध्ये ते वारले. जर्मन संग्राहक पीटर र्‍यूहे यांच्या परिश्रमाने पुष्कळ चित्रे जगापुढे आली. त्यांच्या 2001 सालच्या गांधीजींवरील चित्रग्रंथात कनूंचा वाटा मोठा आहे. केवळ कनूंच्या निवडक चित्रांचा स्वतंत्र ग्रंथ नझर फाउंडेशनने प्रसिद्ध केला तो 2015 मध्ये, म्हणजे कॅमेरा हाती आल्यानंतर सुमारे पाऊणशे वर्षांनी. मराठीत असा ग्रंथ व्हावयास हवा. सेवाग्राम आपले, आगाखान पॅलेस आपला, शिवाजीराव भावे आणि परचुरे शास्त्री आपले. तो होईपर्यंत निदान परचुरे शास्त्र्यांचे चित्र जेथे जेथे छापले जाईल तेथे त्याखाली स्थळ व वर्ष यांबरोबर आणखी दोन नावे छापली जावीत : ज्यांचे ते चित्र आहे त्यांचे, आणि ज्याने ते घेतले त्याचे.